मागच्या खोलीत टीव्ही: एक छत्री, दोन बॉक्स

सांगली, गावभाग. सप्टेंबर-ऑक्टोबर २०२५.

१४ सप्टेंबर, रविवार

आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यापासून तिला जिना चढण्यास मनाई आहे आणि घरातला एकमेव टीव्ही पहिल्या मजल्यावरच्या बैठकीत आहे. गेले तीन आठवडे ती तळमजल्यावरच्या मागच्या खोलीत रेडिओवर भागवते आहे. वरून बातम्यांचा आवाज मात्र तिला ऐकू येतो, त्यामुळे अण्णा काय पाहत आहेत हे तिला कळते आणि तेच तिला अधिक बोचते. येत्या २२ तारखेला घटस्थापना आहे. तोपर्यंत तिच्या खोलीत स्वतंत्र टीव्ही, स्वतंत्र बॉक्स आणि तिच्या एकटीच्या मालकीचा रिमोट असावा, असे ठरवून हे काम आज हाती घेतले. टीव्हीचा प्रश्न पुतण्याने सोडवला. संगणकाला जोडलेला त्याचा २४ इंची संच त्याने आजीसाठी सोडला आहे.

सध्याची स्थिती अशी आहे. गच्चीवर ६० सेंटीमीटरची एक छत्री आहे आणि तिच्यावर एकाच तोंडाचा एलएनबी (छत्रीने एकवटलेला संकेत पकडून वायरीत सोडणारा भाग) आहे. तीन वर्षांपूर्वी मासिक शुल्काची सेवा बंद करून आम्ही प्रसार भारतीच्या डीडी फ्री डिशकडे वळलो. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली, आणि तिला छत्री व बॉक्स यांच्या एकदाच्या खर्चापलीकडे काही द्यावे लागत नाही. त्यामुळे दुसऱ्या खोलीसाठी कोणाच्या परवानगीचा किंवा वाढीव बिलाचा प्रश्न उरत नाही. प्रश्न आहे तो गच्चीवरचा संकेत दोन मजले खाली नेण्याचा.

सुतळी सोडून वाट मोजली. छत्रीपासून कठड्याच्या आतल्या बाजूने, मागच्या भिंतीवरून खाली आणि खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून आत, असे २३ मीटर भरले. वळणांसाठी आणि चुकांसाठी ३० मीटर वायर घ्यावी लागेल.

दुसरी छत्री बसवण्याचा पर्याय सर्वांत सरळ होता, कारण मग एका खोलीचा दुसरीशी काहीही संबंध राहिला नसता. तो नाकारला. आमची गच्ची जुनी आहे, कठड्याला आणखी चार भोके पाडणे म्हणजे पुढच्या आषाढात बैठकीच्या छताला ओल आणणे आहे. वरच्या बॉक्समधून चित्राची एक तार खाली आणण्याचा पर्याय तर विचारातही घेतला नाही. त्यात अण्णा जे लावतील तेच आईला पाहावे लागले असते, आणि ते टाळण्यासाठीच हा सगळा उद्योग आहे.

१५ सप्टेंबर, सोमवार

वायर आणण्यापूर्वी छत्रीची दिशा आणि तिच्यासमोरची मोकळी जागा तपासून घेतली, कारण पूर्वेकडच्या शेजाऱ्यांनी तिसरा मजला चढवायला घेतला आहे आणि त्याची भिंत उद्या आड आली तर खालची सारी मेहनत फुकट जाईल.

डीडी फ्री डिश जीसॅट-१५ या उपग्रहावरून येते. तो नोव्हेंबर २०१५ मध्ये फ्रेंच गयानातील कुरू येथून एरियन-५ अग्निबाणाने सोडला गेला आणि विषुववृत्तावर ९३.५ अंश पूर्व रेखांशाच्या माथ्यावर, सुमारे ३५,७८६ किलोमीटर उंचीवर आहे. सांगली साधारण १६.८५ अंश उत्तर अक्षांशावर आणि ७४.६ अंश पूर्व रेखांशावर आहे. या आकड्यांवरून गोलीय त्रिकोणमितीने कोन काढला, तेव्हा उपग्रह उत्तरेपासून पूर्वेकडे मोजल्यास सुमारे १३० अंशांवर, म्हणजे आग्नेयेच्या किंचित पूर्वेला, आणि क्षितिजापासून साठ अंशांच्या थोडा वर येतो. आग्नेय ही अग्नीची दिशा, तिथे चूल असावी, असे आईने ऐकवले. चूल असो वा छत्री, गच्चीवरच्या खांबाने ही दिशा बरोबर धरली आहे.

साठ अंशांच्या उंचीमुळे शेजारच्या भिंतीची चिंता मिटली. या कोनावर अडथळा ठरण्यासाठी एखादी वस्तू छत्रीपासून जितकी दूर असेल त्याच्या पावणेदोन पटीहून अधिक उंच असावी लागते. शेजारचे बांधकाम आमच्या छत्रीपासून सहा मीटरवर आहे. ते छत्रीच्या वर साडेदहा मीटर चढले तरच आड येईल, आणि एका मजल्याने तसे होणार नाही.

पाहणाऱ्याला मात्र आपली छत्री इतक्या वर तोंड करून आहे असे वाटत नाही, ती बरीच उभी दिसते. या छत्र्यांमध्ये एलएनबी मध्यावर नसून खालच्या बाजूला बाहेर काढलेला असतो, त्यामुळे पत्र्याचा प्रत्यक्ष कल आणि आकाशातला कोन यांत साधारण २० ते २५ अंशांचा फरक पडतो. पुतण्याच्या कंपासपेटीतल्या कोनमापकाला दोऱ्याने खिळा बांधून घरगुती ओळंबा केला आणि छत्रीचा कल मोजला; उभ्या रेषेपासून तो ३७ अंश भरला. हिशेब जुळतो.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आजचा दिवस कंजूषपणात गेला. केबलच्या काळातला एक स्प्लिटर, म्हणजे एका वायरीतला संकेत दोन वायरींत वाटणारा जोड, माळ्यावरच्या डब्यात होता, तो लावून पाहिला. वरच्या बॉक्सवर चित्र जेमतेम आले आणि खालच्या बॉक्सवर काहीच आले नाही. नंतर चष्मा लावून त्याच्या पाठीवरचा मजकूर वाचला: ५ ते १००० मेगाहर्ट्झ.

इथेच उत्तर होते. उपग्रहाकडून येणारा संकेत इतक्या उच्च वारंवारतेचा असतो की तो साध्या वायरीतून काही मीटरही धड जात नाही, म्हणून एलएनबी तो आधी खाली उतरवतो. आमच्या बॉक्समध्ये पहिला ट्रान्सपाँडर (उपग्रहावरचा प्रक्षेपक) ११,०९० मेगाहर्ट्झचा आहे. एलएनबीतला अंतर्गत आंदोलक, ज्याची वारंवारता आलेल्या संकेतातून वजा होते, ९,७५० चा आहे. वजाबाकी १,३४० येते आणि वायरीतून प्रत्यक्षात हेच १,३४० मेगाहर्ट्झ वाहतात. हजारावर थांबणाऱ्या स्प्लिटरने त्यांना वाट द्यावी ही अपेक्षाच चुकीची होती. दुकानातून २४०० मेगाहर्ट्झपर्यंतचा स्प्लिटर ९० रुपयांना आणला. हा लावला की झाले, असे दुकानदार म्हणाले.

१७ सप्टेंबर, बुधवार

आणि खरेच झाले, निदान तसे वाटले. नवा स्प्लिटर गच्चीवर पाण्यापासून आडोशाला बसवला, तात्पुरती वायर जिन्यातून खाली सोडली आणि दोन्ही खोल्यांत चित्र आले. आईने रात्री साडेनऊपर्यंत टीव्ही पाहिला. काम चार दिवस आधीच संपल्याची नोंद मी जवळजवळ लिहून टाकली होती.

१८ सप्टेंबर, गुरुवार

पहाटे साडेपाचला आईची हाक आली. तिच्या टीव्हीवर 'संकेत नाही' अशी पाटी होती. मी वर जाऊन बैठकीतला टीव्ही व बॉक्स लावला, तो ठीक चालला. खाली आलो तर आईचेही चित्र आलेले. नवल वाटले, पण झोपही होती. सकाळी साडेनऊला अण्णांनी बातम्या संपवून नेहमीप्रमाणे भिंतीवरचे बटण बंद केले आणि त्याच क्षणी खाली आईचे कीर्तन थांबले. "वरून कोणी बंद केलं का रे?" असे तिने विचारले, आणि तिच्या प्रश्नात सगळे निदान होते.

छत्रीवरचा एलएनबी हे विजेवर चालणारे यंत्र आहे आणि त्याला गच्चीवर वेगळी वीज दिलेली नसते. ज्या वायरीतून संकेत खाली येतो, त्याच वायरीतून बॉक्स १३ किंवा १८ व्होल्ट वर पाठवतो. त्यावर एलएनबी चालतो आणि त्याच दाबावरून त्याला हुकूमही कळतो: १३ म्हणजे उभ्या ध्रुवणाचे (उभ्या दिशेने कंप पावणाऱ्या लहरींचे) संकेत दे, १८ म्हणजे आडव्या. वरचा वारंवारता-पट्टा हवा असेल तर बॉक्स त्या विजेवर २२ किलोहर्ट्झचा एक सूर चढवतो. थोडक्यात, वायरीतून खाली चित्र येते आणि वर मागणी जाते. आणलेल्या स्प्लिटरच्या दोन तोंडांपैकी एकावरच 'पॉवर पास' असे छापले होते, आणि ते तोंड मी नकळत बैठकीला दिले होते. म्हणजे एलएनबीला वीज पुरवत होते ते फक्त अण्णा. त्यांनी बटण दाबले की गच्चीवरचे यंत्रच विझत होते, आणि आईचा बॉक्स मेलेल्या एलएनबीकडे तोंड करून बसत होता.

वायरी अदलाबदल केल्या असत्या तर हाच प्रकार अण्णांच्या वाट्याला आला असता. दोन्ही तोंडांतून वीज जाऊ देणारे स्प्लिटरही मिळतात, आणि आमच्या बॉक्सच्या यादीत दिसणारे ट्रान्सपाँडर उभ्या ध्रुवणाचे व खालच्या पट्ट्यातले असल्यामुळे दोन्ही बॉक्सची मागणी सारखीच राहून ते इथे चाललेही असते. मासिक शुल्काच्या ज्या सेवांत काही वाहिन्या उभ्या आणि काही आडव्या ध्रुवणावर असतात, तिथे मात्र एक बॉक्स १३ मागतो आणि दुसरा १८, एलएनबी मोठ्या दाबाचे ऐकतो आणि १३ वाल्याचे चित्र जाते. शिवाय दोन वाटांचा स्प्लिटर संकेताची शक्ती निम्मी करतो, आणि पावसाळ्यात आम्हाला तो अर्धा भाग गमवायचा नाही.

१९ सप्टेंबर, शुक्रवार

दोन तोंडांचा एलएनबी, ज्याला दुकानात ट्विन म्हणतात, आणला, ४५० रुपये. याच्या आत प्रत्यक्षात दोन स्वतंत्र यंत्रणा असतात, प्रत्येक तोंडाला आपापल्या बॉक्सची वीज आणि आपापल्या बॉक्सचा हुकूम, त्यामुळे एकाने बटण बंद केले तरी दुसऱ्याला काही कळत नाही. छत्री एक, आकाश एक, पण बोलणी दोन. पहिल्याच दिवशी हा घेतला असता तर ९० रुपये आणि एक पहाट वाचली असती.

वायर आरजी-६ जातीची, ३० मीटर, ५४० रुपये. दुकानात दोन प्रकार दाखवले. एकात मधली तार पूर्ण तांब्याची, दुसऱ्यात पोलादी तारेवर तांब्याचा मुलामा. संकेत तारेच्या कडेकडेने वाहत असल्यामुळे चित्रासाठी दुसरा प्रकारही चालतो, पण वीज तारेच्या संपूर्ण जाडीतून जाते आणि पोलादात ती अधिक अडते. २३ मीटरवर फरक मोठा पडला नसता. तरीही वायर एकदाच भिंतीवर चढते, म्हणून तांब्याची घेतली.

नव्या बॉक्ससाठी १,१५० रुपये पडले. हा एमपेग-४ (चित्र आटवून पाठवण्याची नवी पद्धत) प्रकारचा आहे. याचा पुढे काय परिणाम होणार आहे हे तेव्हा सुचले नाही.

२० सप्टेंबर, शनिवार

दिवसभर पाऊस. गच्ची शेवाळलेली आहे, चढलो नाही.

२१ सप्टेंबर, रविवार

आज सर्वपित्री अमावास्या. अमावास्येला नवे काम काढू नये असे अण्णांचे म्हणणे पडले. एलएनबी बदलणे ही दुरुस्ती आहे आणि नवा टीव्ही उद्या घट बसल्यावरच लावू, अशी तडजोड झाली. पान वाढण्यापूर्वी दोन तास आणि जेवणानंतर तीन तास असे काम केले.

आधी दोन्ही बॉक्स भिंतीवरच्या बटणापासून बंद केले. वायरीतले १३ व्होल्ट माणसाला काही करत नाहीत, पण जोडताना मधली तार आणि बाहेरची जाळी एकमेकांना टेकली तर बॉक्सच्या आतला भाग जळू शकतो. मग जुना एलएनबी सोडवण्यापूर्वी तो पकडीत किती आत आहे आणि किती अंशात वळवलेला आहे, याच्या खुणा पेन्सिलीने केल्या. या खुणांमुळे आजचे अर्धे काम वाचले.

एलएनबी आत-बाहेर सरकवणे आणि स्वतःभोवती फिरवणे या दोन्ही गोष्टींना महत्त्व आहे, आणि दुसरीकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. उपग्रह आपल्या बरोबर दक्षिणेला असता तर त्याची उभी लहर आपल्यालाही उभीच दिसली असती. जीसॅट-१५ आपल्यापासून जवळजवळ १९ रेखांश पूर्वेला आहे, त्यामुळे त्याचे 'उभे' आपल्या गच्चीवरून पाहिल्यास तिरपे पडते आणि एलएनबीलाही तितकीच मान तिरकी करावी लागते. नवा एलएनबी जुन्या खुणेवर बसवला तेव्हा बॉक्स पडद्यावर दाखवतो ती संकेताची गुणवत्ता ५८ टक्के होती. पुतण्या बैठकीत टीव्हीसमोर बसून फोनवर आकडे सांगत होता आणि मी नखभर-नखभर फिरवत होतो. प्रत्येक वेळी आकडा स्थिर होईपर्यंत पाच-सात सेकंद थांबावे लागते. घाईने फिरवले की मागच्या जागेचा आकडा पुढच्या जागेला चिकटतो. ६१, ६६, ७१, ७४, ७३. एक नख मागे आणून ७४ वर आवळला. शक्तीचा आकडा या सगळ्या वेळात ८० ते ८२ मध्येच होता. म्हणून लिहून ठेवतो की छत्री लावताना शक्तीकडे पाहू नये. त्यात गोंगाटही मोजला जातो; गुणवत्ता हाच आकडा खरा. हे टक्के प्रत्येक बॉक्सचे आपापले असतात, एकाचे ७४ दुसऱ्याच्या ७४ शी ताडून पाहण्यात अर्थ नाही.

त्यानंतर खालची वायर. भिंतीला भोक पाडताना ड्रिल आतून बाहेर आणि बाहेरच्या बाजूला किंचित उतरते धरले, म्हणजे पावसाचे पाणी उताराने आत येणार नाही. भोकात शिरण्यापूर्वी वायरीला खाली एक वळसा दिला आहे. वायरीवरून ओघळणारा थेंब वळशाच्या तळाशी येऊन गळतो आणि भिंतीपर्यंत पोहोचत नाही. छत्रीपाशीही असाच वळसा ठेवला. तिथल्या जोडांवर रबरी टोप्या चढवल्या आणि वरून चिकटपट्टी खालून वर अशी गुंडाळली, कौले शाकारताना जसे खालच्या ओळीवर वरची ओळ येते तसे.

सर्वांत जास्त वेळ गेला तो एफ जॅकवर (वायरीच्या टोकाला बसणाऱ्या जोडावर), आणि तोही माझ्याच हाताने. वायर सोलल्यावर जाळीचे केसासारखे धागे मागे दुमडावे लागतात. पांढऱ्या आवरणाचा काठ जॅकच्या आतल्या तळाशी टेकला पाहिजे आणि मधली तार जॅकच्या तोंडाबाहेर दोन-तीन मिलिमीटर यायला हवी. पहिल्या खेपेला खालच्या टोकाशी एक धागा मधल्या तारेला टेकून राहिला. बॉक्स लावताच पडद्यावर 'एलएनबी शॉर्ट' असे आले आणि त्याने वीज स्वतःच तोडली, हे त्याचे उपकार. जॅक कापून दुसरा बसवला. यानंतर प्रत्येक जॅक बॅटरीच्या उजेडात आणि पुतण्याच्या डोळ्यांनी तपासला, माझ्या डोळ्यांवरचा त्याचा विश्वास उडाला होता.

बॉक्स कुठे ठेवायचा हा प्रश्न आमच्या गल्लीत वेगळ्या रीतीने सुटतो. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी या खोलीत कमरेच्या वर होते. तेव्हापासून तळमजल्यावरचे एकही बटण पाच फुटांखाली नाही. टीव्ही भिंतीवर आणि बॉक्स त्याच्या वरच्या फळीवर, छताच्या बाजूला ठेवला आहे. पाहणाऱ्याला मान जरा वर करावी लागते, पण आई पलंगावर टेकून पाहते, तिला ते सोयीचेच पडते. वायरही खिडकीच्या वरूनच आत घेतली आहे, खालून कुठेही नाही.

संध्याकाळी खालच्या बॉक्सवर चाचणी घेतली. गुणवत्ता ७०. बैठकीतले बटण बंद केले: ७०. परत लावले: ७०. मग टीव्ही ठरल्याप्रमाणे बंद करून ठेवला.

२२ सप्टेंबर, सोमवार

घट बसले. साडेदहाला आईच्या हाती रिमोट दिला. वाहिन्यांचा शोध पूर्ण व्हायला सहा मिनिटे लागली, सह्याद्री सापडेपर्यंत आणखी दोन. तिच्या आवडीच्या वाहिन्या वेगळ्या यादीत बांधून दिल्या, कारण एकेक वाहिनी ओलांडत जाणे चष्मा नसताना तिला जमत नाही. आकाशवाणीच्या वाहिन्याही याच बॉक्सवर लागतात, हे कळल्यावर तीन आठवडे साथ दिलेला रेडिओ तिने कपाटात ठेवायला सांगितला.

२४ सप्टेंबर, बुधवार

अण्णा खाली येऊन आईच्या टीव्हीवर वाहिन्या मोजून गेले. खाली वाहिन्या जास्त आहेत, वर कमी का, असा त्यांचा सवाल होता. बॉक्सचा प्रकार हे त्याचे कारण आहे. बैठकीतला बॉक्स जुना, एमपेग-२ चा आहे. त्याच छत्रीवरून आणि त्याच वायरीतून एमपेग-४ मध्ये बांधलेल्या वाहिन्याही त्याच्यापर्यंत पोहोचतात, पण त्या सोडवण्याची विद्या त्याच्याकडे नाही. नव्या बॉक्सला दोन्ही समजतात. एलएनबी बदलून हे सुटणार नाही, बॉक्सच बदलावा लागेल. तूर्त अण्णा संध्याकाळी खाली येऊन बसतात. रिमोट अर्थातच आईकडे असतो.

२७ सप्टेंबर, शनिवार

संध्याकाळी जोराची सर आली तेव्हा दोन्ही खोल्यांत जाऊन आकडे टिपले. सर सुरू होण्यापूर्वी वर ७४ आणि खाली ७०. भर सरीत वर ४१ आणि खाली ३६. चित्र एकदाच, तीन-चार सेकंद चौकोनांत फुटले. या वारंवारतेच्या लहरी पावसाच्या थेंबांत शोषल्या आणि विखुरल्या जातात. त्याला इलाज नाही, गाठीशी शिल्लक किती आहे एवढेच आपल्या हाती असते. स्प्लिटर असता तर ती शिल्लक आज पुरली नसती.

सर ओसरल्यावर पाच मिनिटांत आकडे पूर्ववत झाले. ही खूण महत्त्वाची आहे. पाऊस थांबूनही आकडा खालीच राहिला तर पाणी जॅकमध्ये शिरले आहे असे समजावे.

२९ सप्टेंबर, सोमवार

सकाळी आईचे चित्र फुटले आणि मग पूर्ण गेले. मी कामावर होतो. तिच्या सांगण्याप्रमाणे अकराला पाच-सहा मिनिटे होती आणि थोड्या वेळाने ते आपोआप आले. आकाश निरभ्र, म्हणजे पावसाला दोष देता येत नाही. रात्री खालचा जॅक नव्याने बसवला.

३० सप्टेंबर, मंगळवार

पुन्हा तीच वेळ. आज मुद्दाम घरी थांबलो होतो. दहा वाजून ५१ मिनिटांनी खालचा आकडा ७० वरून घसरू लागला, ५३ ला चित्र गेले, ५७ ला परत आले, ११ वाजता पुन्हा ७०. मधल्या काळात धावत वर जाऊन पाहिले तर बैठकीतले चित्रही गेलेले होते. त्यामुळे कालचा जॅक निर्दोष ठरला आणि संशय नव्या एलएनबीवर आला: ऊन वाढले की तो तापून बंद पडत असावा. पावती शोधून ठेवली. पण तापलेले यंत्र चार मिनिटांत, भर उन्हात, आपोआप कसे निवते, हे पटत नव्हते.

१ ऑक्टोबर, बुधवार

पावणेअकरालाच गच्चीवर जाऊन बसलो. फोनवर पुतण्या आकडे सांगत होता. तो घसरल्याचे सांगू लागला तेव्हा मी छत्रीकडे पाहत होतो, आणि छत्रीवरून परतलेला उजेड एलएनबीच्या तोंडावर लख्ख एकवटला होता. सूर्य अगदी त्याच दिशेला उभा होता जिकडे आमची छत्री बारा महिने पाहत असते.

हिशेब करायला खाली आलो. आपण उत्तर गोलार्धात असल्यामुळे विषुववृत्तावरचा उपग्रह आपल्याला खगोलीय विषुववृत्ताच्या (पृथ्वीचे विषुववृत्त आकाशात वाढवल्यावर होणाऱ्या रेषेच्या) किंचित दक्षिणेला दिसतो. सांगलीहून जीसॅट-१५ साठी हा फरक सुमारे २.९ अंश येतो. शरद संपातानंतर, म्हणजे सप्टेंबरात दिवस-रात्र समान झाल्यानंतर, सूर्य रोज साधारण ०.४ अंश दक्षिणेला सरकतो, म्हणजे सातव्या-आठव्या दिवशी तो नेमका उपग्रहाच्या मागे येतो. यंदा तो दिवस ३० सप्टेंबर. वेळेचे गणितही जुळते: उपग्रह आपल्या दक्षिणोत्तर रेषेपासून २२ अंश पूर्वेला दिसतो, त्या जागी सूर्य मध्यान्हाच्या सुमारे ८८ मिनिटे आधी असतो, आणि सांगलीचा मध्यान्ह सध्या घड्याळाच्या १२ वाजून २२ मिनिटांना होतो. त्यातून ८८ मिनिटे वजा केली की १० वाजून ५४ उरतात. सूर्य सर्व वारंवारतांवर गोंगाट ओततो, आणि छत्री त्याच्यावर रोखलेली असली की उपग्रहाचा क्षीण आवाज त्यात बुडतो. ६० सेंटीमीटरच्या छत्रीची नजर सुमारे तीन अंश रुंद असते, म्हणून हा प्रकार एका दिवसात न आटोपता आगेमागे तीन-चार दिवस, रोज काही मिनिटे चालतो.

एलएनबीची पावती फाइलमध्ये परत ठेवली. पुतण्याला एक गोष्ट बजावून सांगितली, ती इथेही लिहितो: हे पाहायचे असेल तर छत्रीकडे आणि सावल्यांकडे पाहावे, सूर्याकडे पाहू नये.

यातून एक फायदाही झाला. त्या क्षणी एलएनबीवर उजेड बरोबर मध्यभागी पडला होता, म्हणजे छत्रीची दिशा साक्षात सूर्याने तपासून दिली.

२ ऑक्टोबर, गुरुवार

दसरा. अवजारांबरोबर ड्रिल, पकड आणि दोन्ही रिमोट पाटावर मांडले. आईने टीव्हीलाही हळदकुंकू लावले. पडद्यावर लावू नकोस एवढेच सांगितले. १० वाजून ५३ मिनिटांनी गुणवत्ता ४८ वर उतरली, चित्र टिकले.

५ ऑक्टोबर, रविवार

दहा ते साडेअकरा दोन्ही आकडे टिपले. ७४ आणि ७० वरून कोणी हलले नाही. तात्पुरती जिन्यातली वायर गुंडाळून माळ्यावर टाकली, भिंतीवरच्या वायरीला हातभर अंतरावर क्लिपा मारल्या. जॅक आणि क्लिपा धरून एकूण खर्च २,३९० रुपये, त्यातले स्प्लिटरचे ९० शिक्षणखाती. अण्णांच्या नव्या बॉक्सचा खर्च दिवाळीच्या यादीत गेला आहे.

सूर्य हाच फेरा वसंत संपाताच्या आधी पुन्हा मारणार, आणि तेव्हा घड्याळ अकरा वाजून तेरा मिनिटे दाखवत असेल. आई विसरणार नाही, पण मी कामावर असताना अण्णा तंत्रज्ञाला बोलावतील. म्हणून दोन्ही बॉक्सच्या पाठीवर चिठ्ठी चिकटवली आहे: '१३ मार्चच्या आगेमागे चार दिवस, सकाळी सव्वाअकरा. बिघाड नाही. चहा घ्यावा.'